तालुक्याची वकिली, कायद्याचे अध्यापन आणि धोरणाचे काम : ग्रामीण विदर्भातील वकिलाने तिन्ही कसे सांभाळावे

हे मार्गदर्शन विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणी वकिली करू पाहणाऱ्या तरुण वकिलांसाठी लिहिले आहे. न्यायालयात उभे राहावे, महाविद्यालयात कायदा शिकवावा आणि ज्या नियमांपायी पक्षकारांची वर्षेच्या वर्षे वाया जातात ते नियम बदलून घ्यावेत, अशी तिहेरी इच्छा असणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांतील बहुतेक जण या तीन इच्छांना तीन स्वतंत्र व्यवसाय समजून त्यांतला एकच निवडतात. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करतो, जवळच्या शहरात तासिका तत्त्वावर कायदा शिकवतो आणि महसुली नोंदींच्या प्रश्नावर शासनाकडे निवेदने व मसुदे पाठवतो. माझी ही तिन्ही कामे एकाच नोंदवहीवर चालतात. ती नोंदवही कशी ठेवावी, तिच्यातून वर्गातला पाठ कसा निघतो आणि धोरणाचा मसुदा कसा निघतो, हेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख बॅरिस्टर होऊन अमरावतीला वकिली करू लागले, 1932 मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, पुढे ते संविधान सभेत गेले आणि 1952 पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री राहिले. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी नागपूरच्या उच्च न्यायालयात वकिली करताना नागपूर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अध्यापन केले आणि 1968 मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत वकिली करत असताना व्यापारी कायदा शिकवत होते, 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडत होते, 1935 मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि 1942 पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते सांभाळले. या तिघांच्या कामांचा क्रम वेगवेगळा होता, परंतु तिघांनीही एका कामात मिळालेले ज्ञान दुसऱ्या कामात वापरले, ही गोष्ट आपल्याला उपयोगाची आहे.

सनद आणि तीन तासांचा नियम

पदवी व नोंदणीविषयी थोडक्यात सांगतो. तीन किंवा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो; नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 24 मध्ये नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारासाठी 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारासाठी 125 रुपये ठरले आहे, आणि त्याहून अधिक रक्कम राज्य बार कौन्सिलना घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी दिला आहे. मजुराच्या घरातील मुलामुलींना हे आवर्जून सांगावे, कारण सनदेच्या खर्चाच्या धास्तीने थांबलेले पदवीधर मी पाहिले आहेत.

अध्यापनाचा विचार असेल तर एक नियम नीट समजून घ्यावा, कारण याच ठिकाणी अनेकांची फसगत होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिली करणाऱ्यास पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. मात्र वकिलांच्या अध्यापनाविषयी 1979 मध्ये झालेल्या नियमांनी एक दार उघडे ठेवले आहे. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संस्थेत दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवला, तर वकिली चालू ठेवता येते. म्हणजे तासिका तत्त्वावरील काम आणि वकिली यांचा मेळ बसतो. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे पद स्वीकारल्यास मात्र बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. दोन्हीकडे गुपचूप हजेरी लावणाऱ्यांची सनद धोक्यात येते आणि त्यांच्या पक्षकारांची प्रकरणेही अडचणीत येतात.

अध्यापनासाठी एलएल.एम. ही कायद्याची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा करावी लागते. हा अभ्यास वकिलीची पहिली दोन-तीन वर्षे झाल्यावर करावा, असे माझे मत आहे. ज्याने एकदाही साक्षीदाराचा उलटतपास घेतलेला नाही, त्याला पुराव्याचा कायदा पुस्तकातून शिकवता येतो, परंतु विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की त्याचे उत्तरही पुस्तकातलेच येते. ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांनाही हाच क्रम सोयीचा आहे, कारण दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी पुन्हा लागू केली.

सुरुवातीची वर्षे कुठे बसावे

ज्येष्ठ वकिलांकडे शिकताना पैशाची गोष्ट स्पष्ट बोलावी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रामीण भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान 15,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी ती सहसा पाळली जात नाही, तरीही बोलणी करताना तिचा आधार घेता येतो.

शहरातला नवा वकील दिवसभर न्यायालयात बसतो. आपल्या भागातील वकिलाने आठवड्यातले दोन दिवस तहसील कार्यालयात आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडील सुनावण्यांत काढावेत. शेतकऱ्याचा कायद्याशी पहिला संबंध पटवाऱ्याकडे येतो. शासनाने तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे केले आहे. गावात मात्र पटवारी हाच शब्द चालतो आणि पक्षकाराशी बोलताना आपणही तोच वापरावा. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), फेरफार (हक्कातील बदलाची नोंद), मोजणीचा नकाशा, धुऱ्याचा म्हणजे बांधाचा वाद, पांदण रस्त्यावरील अतिक्रमण ही आपल्याकडील वकिलीची बाराखडी आहे. वावरात जायचा रस्ता अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, आणि नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करावा लागतो, हा फरक पहिल्याच वर्षी पाठ व्हायला हवा.

विदर्भाची स्वतःची काही कागदपत्रे आहेत, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ओझरती येतात. गावकऱ्यांचे सरपण, चराई, पाणी, दगड-माती यांवरील हक्क नोंदवणारे निस्तार पत्रक आणि गावाचे रूढ हक्क नोंदवणारा वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद संहितेच्या कलम 161 ते 165 मध्ये आहे. पूर्व विदर्भात झुडपी जंगलाचा, म्हणजे महसुली कागदांत तशी नोंद असलेल्या खुरट्या झुडपांच्या जमिनींचा, प्रश्न आहे. 22 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनी ठरवल्या आणि 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना संरक्षण देण्याची वाट ठेवली. ज्या घराचा किंवा शाळेचा कागद त्या तारखेच्या आधीचा आहे, त्याला आज त्या कागदाची किती गरज आहे, हे नागपूर-भंडाऱ्याकडील वकिलाने गावोगावी जाऊन सांगितले पाहिजे.

तीन वर्षांची वकिली झाली की तालुका विधी सेवा समितीच्या किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर येण्यासाठी अर्ज करावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत विधी सेवा मिळते. या कामाचे मानधन कमी असते व उशिरा मिळते. तरीही मी ते सोडलेले नाही, कारण खासगी पक्षकार ज्या अडचणी कधीच घेऊन येत नाहीत त्या या कामात समोर येतात.

नोंदवही

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक वकिलाकडे तारखांची डायरी असते. तिच्याशेजारी एक वेगळी वही ठेवावी आणि प्रत्येक नव्या प्रकरणासाठी तिच्यात काही गोष्टी लिहाव्यात: गाव, विषय, कोणत्या कायद्याखाली किंवा शासन निर्णयाखाली काम अडले, कोणत्या टेबलावर अडले, नेमका कोणता कागद मागितला गेला, तो कागद मागण्याचा आधार अधिकाऱ्याने काय सांगितला, पक्षकाराला किती फेऱ्या पडल्या आणि शेवटी काय झाले. पक्षकाराचे नाव लिहू नये. प्रकरणाचा आपला क्रमांक पुरतो. संध्याकाळी दहा मिनिटांत हे होते. वर्षातून दोनदा, उन्हाळी सुटीत आणि दिवाळीत, सगळ्या नोंदी सलग वाचाव्यात.

माझ्या वहीत पहिल्याच वर्षी एक अडचण पुन्हा पुन्हा दिसली. शेतकरी नवरा वारल्यावर बाईचे नाव सातबाऱ्यावर लागत नव्हते. संहितेच्या कलम 149 नुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत हक्क मिळाल्याची खबर द्यायची असते, वारस नोंदवहीत चौकशी होऊन फेरफार घेतला जातो, आणि कलम 150 नुसार नोटिसा काढून हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. प्रत्यक्षात दीर हरकत घेत असे, किंवा जमीन ‘एकत्र कुटुंब कर्ता’ म्हणून थोरल्या भावाच्या नावे असे, किंवा बाईचे आणि मुलींचे नाव कब्जेदाराच्या (जमीनधारकाच्या) रकान्याऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकून तिची समजूत घातली जात असे. नाव नसल्यामुळे पीककर्ज मिळत नाही, विम्याची व अतिवृष्टीची भरपाई दुसऱ्याच्या खात्यात जाते आणि दहा वर्षांनी जमीन विकली गेली तरी तिला कळत नाही. कायदा तिच्या बाजूने स्पष्ट आहे. नवरा मृत्युपत्र न करता वारला असेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार त्याच्या मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सारेच पहिल्या वर्गातील वारस आहेत. एकेकट्या प्रकरणात मी अर्ज व अपील करून नाव लावून घेत होतो. वही वाचल्यावर लक्षात आले की मी एकच प्रकरण वर्षभर वेगवेगळ्या गावांतून लढत होतो.

अशी वारंवार येणारी एक अडचण निवडावी आणि दोन-तीन वर्षे तिचीच पाठ धरावी. चांगल्या मनाचे वकील सगळेच विषय हाती घेतात आणि कोणत्याही विषयात शासनाच्या संबंधित विभागापेक्षा त्यांना अधिक माहिती नसते. धोरणाच्या कामात आपली खरी ताकद एवढीच असते की त्या एका विषयात टेबलापलीकडच्या माणसापेक्षा आपण जास्त कागद पाहिलेले असतात.

वर्गात काय न्यावे

वहीतून वर्गात नेताना पक्षकाराचे गुपित राखणे ही पहिली अट आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 नुसार पक्षकाराने व्यवसायाच्या ओघात सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. सुरुवातीला मी नाव व गाव गाळून एक प्रकरण वर्गात सांगितले आणि तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने ते कोणाचे घर आहे हे ओळखल्याचे मला हळूच सांगितले. जमिनीचे क्षेत्र, भावांची संख्या आणि मृत्यूचे कारण एवढ्यावरून आपल्या भागात कुटुंब ओळखू येते, हे मला आधी समजायला हवे होते. त्या दिवसानंतर मी तीन-चार प्रकरणांचे तपशील एकत्र करून पाठ तयार करतो आणि चालू असलेले प्रकरण वर्गात नेत नाही.

पाठ असा घेतो. विद्यार्थ्यांना कल्पित नावांचा सातबारा, फेरफाराचा उतारा आणि हरकतीचा अर्ज देतो व विचारतो, की या बाईचा वकील म्हणून उद्या सकाळी तुम्ही कोणत्या कार्यालयात जाल. बहुतेक जण दिवाणी दावा म्हणतात. मग फेरफार नामंजूर झाल्यास कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, त्याची कलम 250 मधील 60 दिवसांची मुदत, कलम 157 मुळे महसुली नोंद खरी मानली जाते पण ती मालकी देत नाही हे तत्त्व, आणि म्हणून कोणत्या टप्प्यावर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावणे अटळ ठरते, असे एकेक उलगडत जाते. शेवटी तेच कागद एका कोलाम किंवा गोंड कुटुंबाचे आहेत असे सांगतो. तेव्हा वर्ग थांबतो, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 2(2) नुसार केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि मग रूढीचा पुरावा कसा द्यायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. यवतमाळ, चंद्रपूर किंवा गडचिरोलीत वकिली करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पहिल्या वर्षातच भेटणार असतो.

अर्ज, कैफियत आणि अपिलाचा मेमो मराठीतच लिहून घ्यावा. महसुली सुनावणी मराठीत चालते आणि पक्षकाराला स्वतःचा अर्ज वाचून समजला पाहिजे. इंग्रजीतील निकाल वाचण्याची सवयही लावावी, कारण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात इंग्रजीशिवाय चालत नाही. परंतु गावातून आलेल्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून कायदा येणार नाही, अशी समजूत शिक्षकाने एक दिवसही टिकू देऊ नये.

धोरणाचा मसुदा

माझे पहिले निवेदन बरेच लांब होते, त्यात शेतीचे सगळेच प्रश्न होते आणि त्याला पोचपावतीखेरीज काही मिळाले नाही. त्यानंतर मी एक पद्धत धरली. आपली अडचण कोणत्या पायरीवर आहे, हे आधी शोधावे. ती अधिनियमात आहे, नियमात आहे, शासन निर्णयात आहे, परिपत्रकात आहे, की केवळ कार्यालयाच्या वहिवाटीत आहे? अधिनियम बदलायचा तर विधिमंडळ लागते. नियमाचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना पाठवता येतात. शासन निर्णय विभागाच्या सचिव स्तरावर बदलतो. वहिवाट मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या एका लेखी सूचनेने बदलू शकते. मी वारसनोंदीची प्रकरणे तपासली, तेव्हा बहुतेक ठिकाणी कायदा पुरेसा होता आणि अडथळा वहिवाटीचा होता. म्हणून कायदा बदलण्याची मागणी न करता मृत्यूची नोंद होताच पटवाऱ्याने स्वतः वारसांची चौकशी सुरू करावी आणि विधवेचे नाव कब्जेदाराच्या रकान्यातच घ्यावे, एवढ्या दोन सूचना मागितल्या.

आधीची उदाहरणे शोधून ठेवावीत. शेतकरी चळवळीतून पुढे आलेली लक्ष्मीमुक्तीची मागणी 1992 मध्ये शासनाच्या परिपत्रकात उतरली आणि पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय झाली. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचा 19 डिसेंबर 2005 चा शासन निर्णय आणि त्यातून आलेली ‘पात्र’ व ‘अपात्र’ ही वर्गवारी आपल्या गावांना चांगलीच ठाऊक आहे. एका शासन निर्णयातील निकषांच्या शब्दांवर घराला मदत मिळणे अथवा न मिळणे अवलंबून असते, हे विदर्भातील वकिलाइतके कोणाला दिसत नाही.

आपल्या म्हणण्याला आधार म्हणून कार्यालयाचीच कागदपत्रे वापरावीत. माहिती अधिकाराखाली तालुक्यातील प्रलंबित वारस फेरफार, त्यांची तारीख आणि प्रलंबित राहण्याचे नोंदवलेले कारण मागावे. उत्तर 30 दिवसांत यावयास हवे. न आल्यास पहिले अपील आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ अमरावतीत व नागपुरात आहे. मग दोन पानांचे निवेदन लिहावे. पहिल्या पानावर अडचण, तिचा कायदेशीर आधार आणि मागणी. दुसऱ्या पानावर आपल्याला हव्या असलेल्या परिपत्रकाचा मसुदा, शासकीय भाषेत, जसाच्या तसा काढता येईल असा. अधिकाऱ्याला मसुदा तयार मिळाला की त्याचे निम्मे काम झालेले असते, आणि तो नाकारायचा असेल तर त्यालाही नेमके कारण लिहावे लागते.

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते, आणि मुंबई आपल्याला दूर असली तरी हिवाळ्यात मंत्रालय आपल्या दाराशी येते. या काळात निवेदन घेऊन रांगेत उभे राहण्याचा फारसा उपयोग होत नाही. तारांकित प्रश्नाला, म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, आधी सूचना द्यावी लागत असल्यामुळे आमदारांकडे आपले दोन पानी टिपण दिवाळीच्या सुमारास पोहोचले पाहिजे, आणि त्यासोबत प्रश्नाचे शब्दही आपणच लिहून द्यावेत. कोणत्याही पक्षाच्या आमदारांना ते द्यावे; विरोधी बाजूच्या सदस्याने विचारलेल्या प्रश्नालाही शासनाला लेखी उत्तर द्यावेच लागते.

कायदा चांगला असून तो गावाच्या हाती पोहोचत नाही, अशी प्रकरणे वेगळी हाताळावीत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या गावात अभ्यास गट बसत, आणि निर्णय सर्वसहमतीने होत. अशा ठिकाणी वकिलाने शिक्षक होऊन ग्रामसभेत बसावे. दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हा नियमांनी मान्य केलेला पुरावा आहे, हे एकदा समजले की म्हातारी माणसे स्वतः पुढे येऊन सीमा सांगतात.

या सर्व कामात पोट कसे भरावे, हा प्रश्न बाजूला टाकता येत नाही. धोरणाच्या कामाला बहुधा पैसे मिळत नाहीत, तासिकांचे मानधन वर्ष संपताना येते, आणि घर जामीन अर्ज, मोटार अपघात दावे, धनादेश न वटल्याची प्रकरणे व दिवाणी वाद यांवर चालते. ते मनापासून करावे. मात्र भूसंपादनाच्या भरपाईतील टक्केवारी ठरवून वकीलपत्र घेऊ नये. बार कौन्सिलच्या नियमांत अशी निकालावर अवलंबून असलेली फी निषिद्ध आहे, आणि धरणात किंवा महामार्गात वावर गेलेल्या कुटुंबाच्या आयुष्यातील त्या एकमेव रकमेचा वाटा आपण घेतला, तर त्याच कुटुंबाच्या बाजूने धोरणाची भाषा बोलण्याचा अधिकार राहत नाही.

मागितलेली सूचना निघाली, तर तिच्या प्रती काढून घ्याव्यात. एक प्रत प्रत्येक मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी, एक ग्रामसभेत वाचून दाखवावी, एक पुढच्या तासाला वर्गात वाटावी. पुढची विधवा बाई कार्यालयात येईल तेव्हा तिच्या अर्जासोबत ती प्रत जोडावी, आणि त्या अर्जावर टेबलापलीकडून काय उत्तर मिळाले ते संध्याकाळी वहीत नव्या पानावर लिहावे.